अग्रजोडणी, मोटारगाडीच्या तारजालातील

मोटारगाडीच्या एंजिनाभोवतीच्या विद्युत् तारांच्या टोकांना धातूची अग्रे (टर्मिनल) दाबून बसविणे, ती अग्रे प्लॅस्टिकच्या जोडकोशातील (कनेक्टरमधील) खणांत अडकविणे आणि दुरुस्तीच्या वेळी कोशाला वा तारेला इजा न होता ती बाहेर काढणे, या क्रियांना एकत्रितपणे अग्रजोडणी म्हणता येईल. कारागिरांच्या बोलीत जोडकोशाला कपलर, अग्राला पिन किंवा टर्मिनल आणि सर्व तारांच्या जुडग्याला वायरिंग म्हणतात. अग्र हा गाडीतील अत्यंत लहान व अत्यंत स्वस्त भागांपैकी एक होय. परंतु संवेदक (सेन्सर), इंधन फवारणारी तोटी व इलेक्ट्रॉनीय नियंत्रक यांचे काम त्याच्यावरच अवलंबून असते. अग्रातील दोष डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यामुळे निर्दोष संवेदक किंवा महागडा नियंत्रक बदलला जातो, पैसा खर्च होतो आणि बिघाड मात्र कायम राहतो.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांत विजेचा उपयोग मुख्यतः ठिणगी पाडण्यासाठी होत असे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विद्युत् आरंभक (स्टार्टर) बसविण्यात आला व त्यानंतर घटमाला, जनित्र, दिवे आणि भोंगा यांचे जाळे गाडीत हळूहळू पसरले. तारांची टोके प्रथम स्क्रूखाली आवळून किंवा डाख देऊन (सोल्डर करून) जोडीत. डाख देण्यास वेळ व कौशल्य लागते आणि सतत हादरणाऱ्या यंत्रात असा जोड फार काळ टिकत नाही. विमाने व जहाजे यांच्यासाठी डाखाविना जोडता येणारी अग्रे बनविण्याच्या उद्देशाने १९४१ मध्ये अमेरिकेत यू. ए. व्हिटाकर यांनी एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स (पुढे एएमपी) ही कंपनी स्थापन केली. तारेभोवती अग्राचा धातू ठराविक मापाच्या साच्यात दाबून जोड करण्याची ही पद्धत पुढे मोटारगाड्यांत सर्वत्र रूढ झाली.

भारतात अँबॅसडर, मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि त्या काळचे ट्रक यांत मोजकीच मंडले (सर्किट) होती. त्यांतील चपट्या पात्यांची किंवा गोळीच्या आकाराची अग्रे हाताने ओढली की निघत व दाबली की बसत. तार तुटल्यास ती सोलून, पिळून व चिकटपट्टी गुंडाळूनही काम भागत असे. १९९० नंतरच्या दशकात पेट्रोल गाड्यांत इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण आले. भारत स्टेज-४ ही उत्सर्जन मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर व भारत स्टेज-६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यामुळे दुचाकीपासून मालट्रकपर्यंत जवळजवळ प्रत्येक नवे एंजिन संवेदकांवर चालू लागले. आधुनिक डीझेल एंजिनाच्या नियंत्रकाच्या जोडकोशांत शंभराहून अधिक अग्रे असू शकतात. तार पिळून भागविण्याचे दिवस त्यामुळे संपले. परंतु ती सवय मात्र पूर्णपणे गेलेली नाही.

रचना : अग्राचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पुढचा भाग समोरच्या अग्राशी स्पर्श करतो. तो पात्यासारखा किंवा गोल सळईसारखा असल्यास त्याला नर व त्याला कवेत घेणाऱ्या पोकळ भागाला मादी म्हणतात. मादीच्या आत लहानशी स्प्रिंग असते व तिच्या दाबामुळे स्पर्श टिकून राहतो. मागच्या भागात उभ्या पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पहिली जोडी तारेच्या उघड्या तांब्याला आवळते व वीज वाहण्याचे काम करते. दुसरी जोडी तारेच्या निरोधक आवरणाला धरते. ती वीज वाहत नाही, परंतु तारेला बसणारे हिसके व हादरे आपल्यावर घेते. दुसरी जोडी नीट दाबली नसेल, तर तांब्याचे बारीक धागे काही महिन्यांत एकेक करून तुटतात.

अग्रे पितळ, फॉस्फर ब्राँझ किंवा तांब्याच्या इतर मिश्रधातूंच्या पत्र्यापासून ठोकून काढतात. त्यांच्यावर बहुधा कथिलाचा मुलामा असतो, अत्यल्प प्रवाहाच्या व सुरक्षेच्या मंडलांत (उदा., हवापिशवी म्हणजे एअरबॅग) सोन्याचा मुलामा वापरतात. सोन्याच्या मुलाम्याचे अग्र कथिलाच्या मुलाम्याच्या अग्राशी जोडू नये, कारण अशा जोडीत स्पर्शस्थानी लवकर बिघाड होतो.

अग्र खणात अडकून राहावे यासाठी दोन प्रकारची योजना असते. काही अग्रांच्या अंगातूनच धातूची एक बारीक जिभली तिरपी वर काढलेली असते. अग्र आत सरकताना ती दबते व ठरलेल्या जागी उसळून खणाच्या कडेला अडकते. दुसऱ्या प्रकारात अग्राला जिभली नसते. खणातच प्लॅस्टिकचे लवचिक बोट असते व ते अग्राच्या खाचेत बसते. या मुख्य अडसराखेरीज बहुतेक कोशांत दुय्यम अडसर असतो. तो बहुधा लाल, पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाची पट्टी, झडप वा पाचर या स्वरूपाचा असतो. एखादे अग्र अर्धवट बसले असेल, तर हा अडसर मिटतच नाही. म्हणजे तो एक प्रकारचा पहारेकरीच होय. पाण्यापासून संरक्षणासाठी प्रत्येक तारेवर सिलिकोन रबराचे छोटे बूच किंवा सर्व तारांसाठी मिळून एक जाळीदार गादी बसवितात.

स्पर्शाचे भौतिकी : धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी ते एकमेकांना सर्वत्र टेकत नाहीत. सूक्ष्म उंचवट्यांच्या काही बिंदूंपाशीच त्यांचा खरा स्पर्श होतो व सर्व प्रवाह त्या बिंदूंतून जातो. स्प्रिंगचा दाब कमी झाला किंवा पृष्ठभागावर ऑक्साइडाचा थर चढला की हे बिंदू घटतात आणि रोध वाढतो. एंजिनाच्या हादऱ्यांमुळे अग्रे एकमेकांवर मिलिमीटरच्या शतांशाइतकी किंवा त्याहूनही कमी मागेपुढे घासत राहतात. त्यामुळे कथिलाचा मुलामा झिजतो, झिजलेल्या कणांचे ऑक्साइड होते व काळसर भुकटी स्पर्शस्थानी साचते. कपलर एकदा काढून पुन्हा बसविला की गाडी काही दिवस नीट चालते, याचे कारण हेच आहे. काढघालीमुळे भुकटी बाजूला सरते. पण मूळ दोष, म्हणजे ढिला पडलेला स्पर्श, तसाच राहतो.

वाढलेल्या रोधाचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १२ व्होल्टच्या मंडलात ०·६ ओहम रोधाचा भार असल्यास २० अँपिअर प्रवाह वाहतो. जोडात ०·०१ ओहम रोध असेल, तर तेथे सु. ४ वॉट उष्णता निर्माण होते व ती सहन होण्याजोगी असते. हाच रोध ०·१ ओहम झाल्यास प्रवाह सु. १७ अँपिअरपर्यंत घटतो. मात्र जोडात सु. ३० वॉट उष्णता निर्माण होऊ लागते, तीही बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या कोशात. प्लॅस्टिक मऊ होते, स्प्रिंगचा ताण उतरतो, रोध आणखी वाढतो आणि हे चक्र जोड जळेपर्यंत चालू राहते. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे वितळतार (फ्यूज) अशा वेळी उपयोगी पडत नाही. ती प्रवाह वाढला तर वितळते आणि येथे तर प्रवाह घटलेला असतो. वायरिंगमधील आगीचे एक कारण या साध्या गणितात दडलेले आहे.

अल्प प्रवाहाच्या मंडलांत उष्णतेचा प्रश्न नसतो. तेथे माहिती चुकते. एंजिनातील पाण्याचे तापमान मोजणाऱ्या एका प्रचलित प्रकारच्या संवेदकाचा रोध २०° से.ला सु. २,५०० ओहम व ८०° से.च्या सुमारास सु. ३०० ओहम असतो. गंजलेल्या अग्रामुळे त्यात १०० ओहमांची भर पडली, तर थंड एंजिनात तिचा फरक जाणवत नाही. तापलेल्या एंजिनात मात्र नियंत्रकाला पाणी आठ-दहा अंशांनी थंड असल्याचे भासते व तो गरज नसता अधिक इंधन सोडतो. भुजादंडाच्या (क्रँकशाफ्टच्या) गतीचा संवेदक क्षणभर जरी तुटला, तरी चालते एंजिन बंद पडू शकते.

बिघाडाची कारणे : पाणी व ओल, धूळ, उष्णता, हादरे आणि उंदीर ही नेहमीची कारणे होत. यांखेरीज दुरुस्ती करतानाच घडणारे काही अपराध आहेत. मंडल तपासताना जाड तपासकांडी मादी अग्रात खुपसल्यास तिची स्प्रिंग कायमची फाकते. कोश जोडल्यावर तो वरून नीट दिसतो, पण आतील स्पर्श ढिला राहतो. तारेच्या आवरणात सुई टोचून दाब मोजल्यास त्या छिद्रातून पाणी शिरते व तांबे आतल्या आत हिरवे पडून ठिसूळ होते. मोजमाप शक्यतो कोशाच्या मागील बाजूने, बारीक कांडी तारेच्या कडेने सरकवून करावे. ते शक्य नसल्यास समोरच्या अग्राच्या नेमक्या मापाचे सुटे अग्र वापरावे.

अग्र काढण्याची रीत : प्रथम एंजिन बंद करून घटमालेचे ऋण टोक सोडवितात. त्यानंतर कोश बाहेरून स्वच्छ करतात, कारण अडसरात अडकलेली माती आत शिरल्यास पुढचे काम बिघडते. कोश सोडविताना तारा ओढू नयेत. कोशाचा बाह्य खटका दाबून कोशालाच धरून ओढावे. उन्हाने व उष्णतेने जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. अशा वेळी घाई केल्यास खटका तुटतो आणि एका अग्रासाठी आरंभिलेले काम संपूर्ण कोश बदलण्यावर जाते.

कोश हाती आल्यावर कोणत्या खणात कोणत्या रंगाची तार आहे, याचे रेखाटन करतात. अनेक कोशांवर खणांचे क्रमांक अत्यंत बारीक अक्षरांत कोरलेले असतात; ते भिंगातून वाचावे. एकाच रंगाच्या दोन तारा असल्यास त्यांना चिठ्ठ्या बांधाव्यात. यानंतर दुय्यम अडसर सोडवितात. काही कोशांत तो पूर्ण निघतो, तर काहींत केवळ एक पायरी बाहेर सरकतो. न निघणारा अडसर बळाने उपटल्यास तो पुन्हा बसत नाही.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची असून तीच बहुधा विसरली जाते. अग्र मागे ओढण्यापूर्वी तार हळूच पुढे, म्हणजे कोशाच्या तोंडाकडे ढकलावी लागते. त्यामुळे जिभलीवर किंवा प्लॅस्टिकच्या बोटावर आलेला ताण सुटतो. मग तोंडाकडून बारीक, चपटी काढणी-सळई आत सरकवितात. अग्राला जिभली असेल, तर ती सळईने अग्राच्या अंगाकडे दाबतात. खणात प्लॅस्टिकचे बोट असेल, तर ते अग्रापासून दूर उचलतात. सळई त्या स्थितीत धरून तार मागे ओढली असता अग्र सहज निघते. ते निघत नसेल, तर अधिक जोर हा त्यावरील उपाय नव्हे. सळई चुकीच्या जागी आहे, अडसर दुसऱ्या बाजूस आहे किंवा दुय्यम अडसर पूर्ण सुटलेला नाही, असे समजावे. गोल सळईच्या अग्रांना दोन्ही बाजूंस जिभल्या असतात. त्यांच्यासाठी अग्रावर बरोबर बसणारी पोकळ नळी लागते. ती आत सरकली की दोन्ही जिभल्या एकाच वेळी दबतात. काही कोशांत अग्र तोंडाकडून आत घालून तारेने मागे खेचून बसविलेले असते. अशा कोशातून ते मागे कितीही ओढले तरी निघत नाही. तार पुढे ढकलून ते तोंडाकडून काढावे लागते. म्हणून काम आरंभण्यापूर्वी कोशाचा प्रकार ओळखणे आवश्यक असते.

या कामासाठी सळयांचे तयार संच मिळतात. ते हाताशी नसल्यास छत्रीची काडी किंवा सायकलचा आरा ठोकून, चपटा करून व घासून उपयुक्त सळई बनविता येते. तिची टोके गुळगुळीत केलेली असावीत व जाडी खणाच्या फटीपेक्षा कमी असावी. टाचणी, खिळा किंवा जाड स्क्रूपिळणी वापरल्यास खणाची कड तुटते व नवे अग्र त्यात कधीच घट्ट बसत नाही. तेच अग्र पुन्हा वापरायचे असल्यास दबलेली जिभली किंचित वर उचलून घ्यावी. अन्यथा ते खणात जाते, पण अडकत नाही.

अग्र दाबून बसविणे : नवे अग्र जुन्याच्याच मालिकेतील व तारेच्या छेदाला योग्य अशा मापाचे असावे लागते. एंजिनाच्या तारजालात बहुधा ०·३५ ते २·५ चौ. मिमी. छेदाच्या तारा असतात. मोठ्या अग्रात बारीक तार दुमडून घालणे व लहान अग्रात बसावी म्हणून जाड तारेचे काही धागे कापणे, हे दोन्ही प्रकार सदोष होत.

रबराचे बूच असल्यास ते प्रथम तारेवर चढवितात. हे विसरल्यास केलेला जोड कापून टाकावा लागतो. मग तारेचे आवरण पहिल्या पाकळीजोडीच्या लांबीपेक्षा किंचित अधिक सोलतात. सोलताना एकही धागा कापला जाता कामा नये. तार अग्रात अशी ठेवतात की, तांबे पहिल्या जोडीत व आवरण दुसऱ्या जोडीत येईल, दोन्ही जोड्यांमधील फटीत तांबे व आवरण यांची सीमा दिसेल आणि तांब्याची टोके पहिल्या जोडीच्या पुढे किंचित बाहेर डोकावतील. बूच असल्यास दुसरी जोडी त्याच्या मानेवर बसते. आवरण पहिल्या जोडीत अडकल्यास तांब्यावर पुरेसा दाब येत नाही. जोड घट्ट भासतो, पण वीज नीट वाहत नाही.

दाबण्यासाठी साच्याची पक्कड वापरतात. तिच्या साच्याचा वरचा भाग दोन कमानी एकमेकींना टेकल्यासारखा असतो. त्यामुळे दोन्ही पाकळ्या वळून तांब्यामध्ये उतरतात. चांगल्या पकडीला दातेरी खटका असतो व दाब पूर्ण झाल्याखेरीज ती उघडत नाही. दाब किती द्यायचा हे कारागिराच्या मनगटाऐवजी पक्कडच ठरविते. योग्य दाबाने तांब्याचा छेद सु. १५ ते २० टक्क्यांनी घटतो, गोल धागे चेपून मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे एकमेकांना भिडतात व त्यांच्यातील हवेच्या पोकळ्या नाहीशा होतात. पृष्ठभागावरील ऑक्साइडाचा थर फुटून धातूला धातू चिकटतो आणि आत हवा व ओल शिरत नाही. दाब कमी पडल्यास पोकळ्या राहतात व गंज चढतो. तो अधिक झाल्यास धागे चिरडून तार अशक्त होते. कारखान्यात म्हणूनच दाबलेल्या भागाची उंची सूक्ष्ममापकाने (मायक्रोमीटरने) मोजतात व तीत मिलिमीटरच्या शतांशांइतकाच फरक चालवून घेतात. साध्या चपट्या पकडीने पाकळ्या चेपणे ही रीत खेडोपाडी सर्रास दिसते. तीत पाकळ्या एकीवर एक पडतात व जोड बाहेरून घट्ट, पण आतून पोकळ राहतो.

दाबलेल्या जोडावर डाख द्यावा की नाही, हा प्रश्न कारागीर नेहमी विचारतात. डाख दिल्याने जोड पक्का झालासा वाटतो. परंतु वितळलेला डाख धाग्यांमधून आवरणाखाली वर चढतो व लवचिक तारेचा तेवढा भाग कडक सळईसारखा होतो. हादऱ्यांमुळे तार नेमकी त्या कडक भागाच्या सीमेवर तुटते. उष्णतेने अग्राची स्प्रिंग व रबराचे बूचही बिघडते. योग्य दाबलेल्या जोडाला डाखाची गरज नसते व अयोग्य दाबलेला जोड डाखाने सुधारत नाही.

तपासणी : प्रथम जोड भिंगातून पाहतात. पाकळ्या सारख्या वळल्या आहेत का, एखादा धागा बाहेर राहिला आहे का व अग्र वाकले आहे का, हे पाहिल्यावर तार हाताने ओढून बघतात. अर्धा चौ. मिमी. छेदाच्या तारेचा जोड पाच-सहा किग्रॅ. वजनाइतका ताण सहन करू शकला पाहिजे. मात्र गाडीत बसवायच्या जोडाला एवढा ताण देऊ नये. तशी परीक्षा आधी नमुन्याच्या जोडावर करावी. मग अग्र खणात ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत सरळ ढकलतात, हलकेच मागे ओढून ते अडकल्याची खात्री करतात व दुय्यम अडसर मिटवितात. शेवटी भार चालू ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंमधील विद्युत् दाबाचा फरक मोजतात. प्रवाह नसताना मोजलेला रोध फसवा असू शकतो. जोडाच्या एकाच धाग्यातून वीज जात असली, तरी रोधमापक दोष दाखवीत नाही. भार टाकल्यावर मात्र तो उघड होतो.

नियंत्रकांना एकमेकांशी जोडणाऱ्या पिळलेल्या तारांच्या जोडीची (कॅन मंडलाची) दुरुस्ती करताना पीळ कोशाच्या शक्य तितक्या जवळपर्यंत राखावा लागतो. या मंडलाच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमांचे रोधक असल्याने, विद्युत् पुरवठा बंद असताना दोन तारांमध्ये सु. ६० ओहम रोध भरतो. तो १२० भरल्यास एक टोक तुटले आहे, असे निदान करता येते.

सुरक्षितता : हवापिशवीचे कोश बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. घटमाला सोडवून निर्मात्याने सांगितलेला वेळ गेल्याखेरीज त्यांना हात लावू नये व त्यांच्यावर रोधमापक कधीही वापरू नये. आधुनिक डीझेल एंजिनाच्या इंधनतोट्यांना नियंत्रक १२ व्होल्टपेक्षा कितीतरी अधिक दाब क्षणभर पुरवितो. म्हणून चालू एंजिनावर त्यांचे कोश काढू नयेत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी आवरणाच्या तारांत प्राणघातक दाब असतो व त्यांचे काम खास प्रशिक्षितांनीच करावयाचे असते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची विजेवर चालणारी ‘शिवाई’ बस १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली. राज्यातील बसदुरुस्तीच्या कामात या नव्या शाखेची भर पडली आहे.

नांदेड व लातूर येथील परिस्थिती : हे दोन्ही जिल्हे पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. निजामाच्या राज्यात सरकारी मोटारवाहतूक १९३२ साली सुरू झाली. राज्य पुनर्रचनेत १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या मार्गाने यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ या भागाची मुख्य वाहिनी आहे. महामार्गावरील मालट्रक, परिवहन महामंडळाच्या बसगाड्या, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराला व माहूरच्या रेणुकादेवीला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहने, उसाचे ट्रॅक्टर आणि सोयाबीनच्या हंगामातील मळणीयंत्रे अशी विविध वाहने येथील कारागिरांकडे येतात.

येथील हवामान जोडकोशांची कसोटी पाहणारे आहे. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. काळ्या रेगूर मातीची धूळ अत्यंत बारीक असल्याने रबराच्या बुचाच्या कडेनेही ती आत शिरते. पावसाळ्यात तीच माती ओल धरून ठेवते व चिखलाचा लपका कोशावर दिवसेंदिवस ओला राहतो. वाहनतळावर जोराच्या फवाऱ्याने एंजिन धुण्याची रीत सर्वत्र आहे. अशा फवाऱ्याचे पाणी पावसाला न जमणाऱ्या ठिकाणी पोहोचते. शेतात वा गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात.

हंगामातील बिघाडाची किंमत केवळ सुट्या भागाच्या किंमतीने मोजता येत नाही. ऊस तोडल्यावर तो जितका वेळ पडून राहील, तितके त्याचे वजन व साखर घटते. वाटेत बंद पडलेल्या ट्रॅक्टरमागे तोडणी कामगारांची टोळी, कारखान्यातील पाळी व शेतकऱ्याचे उत्पन्न अडकलेले असते. काढणीला आलेले सोयाबीन पावसात सापडल्यास दाणा काळा पडतो. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवी उत्सर्जन मानके लागू झाल्याने त्यांच्यातही इलेक्ट्रॉनीय नियंत्रक व बहुअग्री कोश आले आहेत. अशा यंत्रातील एक अग्र सैल झाल्यास संपूर्ण तारजाल बदलण्याचा सल्ला मिळू शकतो. त्याचा खर्च हजारो रुपयांत जातो व भाग मोठ्या शहरातून येईपर्यंत यंत्र उभे राहते. तेच अग्र काढून नवे दाबून बसविण्यास जाणत्या कारागिराला अर्धा तास पुरतो. गाडी कोठे दुरुस्त होणार, गावातच की दूरच्या शहरात, हे पुष्कळदा या एका कौशल्यावर ठरते.

प्रशिक्षणाची साधने जवळच आहेत. नांदेड व लातूर येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था असून मोटारवाहन यांत्रिकी (मेकॅनिक मोटर व्हेईकल) हा व्यवसाय राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार दोन वर्षांचा आहे. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली स्थापन झाले. लातूर येथे पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार परिवहन महामंडळासारख्या संस्थांत उमेदवारीची सोय होते. तथापि रस्त्यालगतच्या दुकानांतील बहुतेक कारागीर उस्तादाच्या हाताखाली पाहूनच शिकतात. जुन्या गाड्यांच्या काळात ही रीत पुरेशी होती, कारण दोष डोळ्यांना दिसत असे व हाताला लागत असे. अग्राच्या आतील दोष मापनाखेरीज कळत नाही व चुकीचा दाबजोड महिनाभर चांगला चालून मगच दगा देतो. म्हणजे हाताला अनुभवातून शिकण्याची संधी उशिराच मिळते. एक दातेरी पक्कड, काढणी-सळयांचा संच, नेहमीच्या मालिकांची अग्रे व बुचे, भिंग आणि विद्युत् मापक एवढ्या साहित्यावर हे काम लहान दुकानातही शास्त्रशुद्ध रीतीने होऊ शकते. ते आत्मसात केलेल्या कारागिराच्या दारातून जाणारी गाडी पुन्हा त्याच दोषासाठी परत येत नाही.